व्यक्तिचित्राचे प्रयोजन

आकाशवाणीवरून चेहऱ्यांविषयी बोलावयाचे, यात थोडी विसंगती आहेच. माझा आवाज आपणांपर्यंत पोचतो आहे. परंतु बोलणारा गृहस्थ उंच आहे की ठेंगणा, त्याच्या कपाळाला आठ्या आहेत की नाहीत, हे आपणांस दिसण्याची सोय नाही. असे असूनही, श्रोतेहो, आपणांपैकी पुष्कळांनी एव्हाना माझा एक चेहरा मनाशी रेखाटलादेखील असेल. तो खऱ्या चेहऱ्याशी किती जुळतो हा प्रश्न वेगळा. पण तो रेखाटल्यावाचून मनाला चैन पडत नाही, हे खरे. शब्द ऐकले की शब्दांमागचा माणूस पाहावासा वाटतो. ज्या कलेविषयी मी आज बोलणार आहे, त्या कलेचे मूळ या साध्या ओढीत आहे.

व्यक्तिचित्र हा शब्द आपण मराठीत दोन अर्थांनी वापरतो. व्यंकटेश माडगूळकरांची 'माणदेशी माणसं' किंवा पु. ल. देशपांडे यांची 'व्यक्ती आणि वल्ली' ही शब्दांनी काढलेली व्यक्तिचित्रे होत. आणि रंगरेषांनी काढलेल्या प्रतिमेलाही आपण तेच नाव देतो. भाषेने हे दोन अर्थ एकाच शब्दात सुखाने नांदविले आहेत, यात मला औचित्य दिसते. दोन्ही ठिकाणी साहित्य निराळे असले तरी उद्योग एकच : एका विशिष्ट माणसापुढे थांबायचे, आणि तो इतर सर्वांहून वेगळा कोठे आहे याचा शोध घ्यायचा. आज मी मुख्यतः रंगरेषांच्या चित्रांविषयी बोलणार आहे. आणि चित्रे कशी काढतात यापेक्षा ती कशासाठी काढावीत, हा प्रश्न मला अधिक मोलाचा वाटतो.

पहिले उत्तर कोणीही देईल : आठवणीसाठी. या उत्तराचा सगळ्यांत हृद्य आविष्कार भासाच्या 'प्रतिमा' नाटकात आहे. आजोळी राहिलेला भरत अयोध्येला परतत असतो. मागे काय घडले याची त्याला वार्ताही नाही. नगराबाहेर एक मंदिरासारखी वास्तू दिसते. आत मूर्ती पाहून तो त्यांना देव समजतो आणि नमस्काराला वाकू लागतो. तेव्हा तेथील पुजारी त्याला थांबवून सांगतो की हे देव नव्हेत, इक्ष्वाकुकुलातील राजे आहेत. दिलीप, रघू, अज अशी नावे सांगितली जातात. पुढची प्रतिमा पाहून भरताचे मन चरकते. जिवंत राजांच्याही प्रतिमा येथे मांडतात काय, असे तो विचारतो. नाही, फक्त दिवंगतांच्याच, असे उत्तर येते. पित्याच्या मृत्यूचे वर्तमान भरताला दूताकडून कळत नाही, पत्रातून कळत नाही. ते प्रतिमेकडून कळते. घरातल्या भिंतीवरच्या तसबिरीला हार पडला म्हणजे काय झाले, हे आपल्याकडे लहान मुलालाही समजते. भासाने ही गोष्ट फार पूर्वीच ओळखली होती.

अशा प्रतिमागृहाची कल्पना केवळ नाटककाराची नव्हती. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांनी एका लेण्यात आपल्या कुळातील माणसांच्या आकृती कोरविल्या होत्या. सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका आणि राजकुमार अशी ती मालिका होती. महाराष्ट्रातले हे बहुधा सर्वांत जुने कुटुंबचित्र म्हणावे लागेल. आज तेथे गेलात तर त्या आकृती दिसणार नाहीत; काळाने आणि माणसांनी त्या पुसून टाकल्या आहेत. आकृतींच्या वर कोरलेली नावांची ब्राह्मी अक्षरे तेवढी राहिली आहेत. नागनिकेचे नाव आहे, नागनिका नाही. ती राणी कशी दिसत होती हे आता कोणालाही सांगता येणार नाही.

याच्या अगदी उलट प्रकार आपल्याच काळाजवळ घडलेला आहे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात एक जलरंगातले चित्र आहे. हातात दिवा घेतलेली, एका हाताचा आडोसा करून ज्योत सांभाळणारी एक स्त्री. तिच्या बोटांमधून प्रकाश झिरपतो आहे. त्याच्या प्रती देशभर घरोघर लागल्या. पुष्कळजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. वास्तविक ते आपल्या सावंतवाडीच्या सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचे आहे, आणि चित्रातली स्त्री त्यांची कन्या गीता आहे. नाणेघाटात नाव उरले आणि चेहरा गेला. येथे चेहरा उरला आणि नाव गळून पडले. नाव आणि चेहरा यांची गाठ बांधून ठेवणे हे व्यक्तिचित्राचे पहिले काम आहे, आणि ती गाठ किती सैल असते हे या दोन उदाहरणांवरून दिसून येईल.

परंतु आठवण हे एकच प्रयोजन मानले तर आपण मोगल दरबारातल्या चित्रकारांवर अन्याय करू. अकबराने स्वतः चित्रकारांसमोर बसून आपले चित्र काढवून घेतले आणि आपल्या सरदारांचीही चित्रे काढवून त्यांचा एक मोठा संग्रह तयार करविला, असे अबुल फजलने 'आइन-इ-अकबरी'त नमूद केले आहे. राज्यकर्त्याला या संग्रहाचा उपयोग काय, असा प्रश्न पडेल. ज्याला दूरदूरच्या माणसांकडून काम करून घ्यावयाचे आहे, त्याने त्या माणसांचे चेहरे वाचावयास शिकले पाहिजे, हा त्यातला विचार मला दिसतो.

जहांगीर तर याबाबतीत बापाच्याही पुढे गेला. १६१३ मध्ये इराणच्या शाह अब्बासाकडे त्याने वकिलात पाठविली, तेव्हा खान आलमबरोबर बिशनदास नावाच्या चित्रकारालाही धाडले. शाहाचा चेहरा त्याला पाहावयाचा होता. बिशनदासाने काम असे चोख बजावले, की परतल्यावर बादशहाने त्याला हत्ती बक्षीस दिला. याच जहांगिराने आपल्या चित्रकारांनाही एकमेकांची चित्रे काढावयास लावले. त्यामुळे कागदावर ओणवे होऊन बसलेले ते कारागीर आज आपणांस दिसतात. ज्या हातांनी सम्राटांना अमर केले त्या हातांचे मालकही कोणीतरी टिपून ठेवावे, ही बुद्धी राजाला व्हावी हे विशेष आहे.

याच बादशहाची दुसरी एक गोष्ट मात्र आपणांस अस्वस्थ करते. १६१८ मध्ये इनायतखान नावाचा त्याचा एक सेवक अफू आणि मद्य यांच्या व्यसनाने मरणपंथाला लागला होता. आग्र्याला जाण्याची परवानगी मागण्यासाठी त्याला पालखीत घालून बादशहापुढे आणले. हाडांवर ओढलेल्या कातड्याखेरीज त्याच्या अंगावर काही राहिले नव्हते. ते पाहून जहांगीर थक्क झाला आणि त्याने चित्रकारांना त्याचे चित्र काढण्याची आज्ञा केली. प्रवासखर्चासाठी त्याला दोन हजार रुपयेही दिले. लवकरच तो मरण पावला. ते रंगीत चित्र आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे आणि त्याचे रेखाटन अमेरिकेत बॉस्टनच्या संग्रहालयात आहे. लोडांना टेकून बसलेला, छातीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात असा तो माणूस समोर शून्यात पाहतो आहे.

मरत्या माणसाला स्वस्थ मरू द्यावे, की त्याच्यापुढे कागद घेऊन बसावे? चित्र पाहिल्यावर पहिल्याने बादशहाचा राग येतो. दुसऱ्याने पाहिले की चित्रकाराचे काम ध्यानात येते. त्याने कुतूहलाने नेमलेल्या कामगिरीतही त्या माणसाची विटंबना होऊ दिलेली नाही. उशा, चादरी, बैठक हे सारे शांत आणि नीटनेटके आहे. आणि त्या साऱ्या नीटनेटकेपणात एक माणूस संपत आला आहे. इनायतखानाने केलेला कारभार कोणाच्या लक्षात नाही, त्याची दौलत कोठे गेली कोणास ठाऊक. परंतु त्याचे दुःख चारशे वर्षांनंतरही आपल्यासमोर हजर आहे. येथे व्यक्तिचित्राने साक्षीदाराचे काम केले आहे. स्मारकाला फुले वाहून आपल्याला मोकळे होता येते. साक्षीदार मात्र आपल्याकडे पाहत राहतो.

साक्षीची किंमत आपण महाराष्ट्रीयांनी तरी विसरू नये. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शिवाजी महाराजांचे म्हणून जे एक चित्र छापले जात होते, ते वास्तविक दुसऱ्याच कोणा सरदाराचे होते. ज्या पुरुषाचे नाव घेतल्यावाचून मराठी माणसाचा दिवस जात नाही, त्याच्या नावाखाली परक्याचा चेहरा! वा. सी. बेंद्रे यांनी डच कागदपत्रांचा माग काढून महाराजांचे खरे चित्र उजेडात आणले, तेव्हा ही चूक दुरुस्त झाली. महाराजांच्या काळाजवळची, गोवळकोंड्याच्या शैलीतली चित्रे आज लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये आणि ॲमस्टरडॅमच्या राइक्स म्यूझियममध्ये आहेत. दरबारी थाटाच्या आणि घोड्यावरच्या आवेशाच्या पुढच्या काळातील चित्रांशी ती ताडून पाहावीत. त्यांत आवेश नाही. १६६४ च्या सुरतेच्या स्वारीच्या वेळी तेथे असलेल्या एस्कलिऑट नावाच्या इंग्रज पाद्र्याने, प्रत्यक्ष पाहणाऱ्यांकडून ऐकून, महाराजांच्या चपळ आणि भेदक डोळ्यांचा उल्लेख केला आहे. बेंद्र्यांचा खटाटोप कशासाठी होता? कल्पनेतल्या वीराहून खरा माणूस आपणांस अधिक प्रिय असावा, यासाठी. आदराची सुरुवात अचूकपणापासून होते, असे मला वाटते.

आता या कलेच्या तंत्राकडे थोडे वळू. मोगल आणि दख्खनी लघुचित्रांत चेहरा बहुधा एका बाजूने दाखवितात. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी यांची एक सलग रेषा. त्या रेषेतच माणूस पकडावयाचा. युरोपीय तैलचित्राची रीत निराळी. तेथे चेहरा किंचित वळलेला, प्रकाश एका बाजूचा, आणि सावलीतून हाडांची ठेवण उमटत जाणारी. ही दुसरी रीत पुण्यात आली ती पेशवाईच्या अखेरीस. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईस उतरला आणि रेसिडेंट मॅलेटच्या ओळखीने पेशव्यांच्या दरबारात पोचला. सवाई माधवराव आणि नाना फडणीस यांना एकत्र दाखविणारे त्याचे १७९२ मधले तैलचित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीत आहे. शनिवारवाड्यात पेशव्यांच्या आश्रयाने एक चित्रशाळाही निघाली, आणि गंगाराम चिंतामण तांबट यांच्यासारखे येथले कलावंत नवी रीत शिकले.

त्या चित्राकडे इतिहास जाणून पाहिले म्हणजे मन विषण्ण होते. रत्नांनी मढलेला अठरा वर्षांचा पेशवा, आणि त्याच्याजवळ त्याचे सारे राज्य सांभाळणारा तो सावध कारभारी. पुढे तीन वर्षांनी, १७९५ च्या ऑक्टोबरमध्ये, हा तरुण शनिवारवाड्यातून पडून गेला. नोव्हेंबरात त्याचा चित्रकार वेल्सही मरण पावला. चित्र काढले त्या दिवशी यातले कोणालाच काही ठाऊक नव्हते. व्यक्तिचित्रात ही एक विलक्षण गोष्ट असते : चित्रातल्या माणसाला आपले भविष्य ठाऊक नसते, आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक असते. त्यामुळेच जुने व्यक्तिचित्र पाहताना अकारण करुणा दाटून येते.

चेहरा हुबेहूब कशाने उतरतो? अनुभवी चित्रकार सांगतात की नाक-डोळे एकेकटे बिनचूक काढून माणूस साधत नाही. साम्य असते ते अवयवांमधल्या अंतरांत : डोळ्यांमधील जागा, नाक आणि ओठ यांच्यामधील टप्पा, मान खांद्यांवर कशी बसली आहे ती ठेवण. ओळखीचा मनुष्य पाठमोरा चालला असला तरी आपण त्याला दुरून ओळखतो, ते याचमुळे. सर्वांत अवघड तोंड. कारण ते क्षणभरही स्थिर नसते. आणि चेहऱ्याखालोखाल बोलके असतात ते हात. चेहऱ्याने खोटे बोलावयाची सवय माणसाला असते, हातांना तशी नसते.

मुंबईला १८५७ मध्ये स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेने ही सारी शिस्त महाराष्ट्रात रुजविली. पेस्तनजी बोमनजी, पिठावाला, धुरंधर, हळदणकर ही नामावळी पुष्कळ लांबविता येईल. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी काढलेली बालगंधर्वांची चित्रे आहेत. एकीत ते पुरुषवेषात, दुसरीत स्त्रीभूमिकेत. एकाच माणसाची दोन रूपे शेजारी ठेवून, यांतला खरा कोणता, असा प्रश्न चित्रकाराने प्रेक्षकांवर सोपविला आहे.

खरा कोणता, या प्रश्नावरूनच चित्रकार आणि चित्रविषय यांचे भांडण जुंपते. १९५४ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या सभासदांनी विन्स्टन चर्चिल यांना ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त ग्रॅहम सदरलंड या चित्रकाराने काढलेले त्यांचे तैलचित्र भेट दिले. चित्रकाराने खुर्चीत घट्ट बसलेला, थकलेला, चिडलेला वृद्ध रंगविला होता. चर्चिलना ते मुळीच रुचले नाही. ते चित्र कधी भिंतीवर लागले नाही. आणि पुढे १९७८ मध्ये जगाला कळले की लेडी चर्चिल यांच्या इच्छेने ते नष्ट करण्यात आले होते. यात कोणाचे चुकले? पतीचे दुःख न पाहवणाऱ्या पत्नीला दोष देण्याचे धाडस मला होत नाही. पण मरणोन्मुख इनायतखानाला नकार देण्याची सोय नव्हती, आणि चर्चिलना होती, एवढा फरक ध्यानात ठेवावा. आपले खरे रूप नाकारण्याचा अधिकार समर्थांकडेच असतो. म्हणूनच समर्थांची चित्रे बहुधा गोड निघतात, आणि बहुधा कंटाळवाणी होतात. आमच्या कचेऱ्यांच्या भिंतींवर आणि सभागृहांत टांगलेली कित्येक चित्रे याच जातीची असतात. त्यांतल्या शालीची घडी आठवते, माणूस आठवत नाही.

छायाचित्रकला आली तेव्हा व्यक्तिचित्राचे दिवस भरले, असे भाकित पुष्कळांनी केले. आज तर प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि मनुष्यप्राणी दिवसातून दहा वेळा स्वतःची छबी टिपतो. सरकारी सेवेत असल्यामुळे छायाचित्रांशी माझा संबंध नित्याचा आहे. अर्जाच्या उजव्या कोपऱ्यात चिकटविलेला तो चौकोनी तुकडा. अर्जदाराने हसू नये, मान वळवू नये, अशा त्याच्या अटी. या चित्रांची गरज आहे, ती मी नाकारीत नाही. पण ती एका वेळी एकाच प्रश्नाचे उत्तर देतात : समोर उभा आहे तो हाच का? तो कोण आहे, हे त्यांना विचारावयाचे नसते. दर वर्षी नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारक हयातीचा दाखला देण्यासाठी येतात. आपण जिवंत आहोत हे अंगठ्याने वा सहीने सिद्ध करून जातात. दाखला बरोबर असतो, शिक्का बरोबर असतो. पण त्या चेहऱ्याकडे कोणी पाहिले असे मात्र घडतेच असे नाही. रांग लांब असते आणि हात कामात गुंतलेले असतात.

येथेच मला व्यक्तिचित्राचे आजचे प्रयोजन दिसते. कॅमेरा एका निमिषात जे करतो ते करावयास चित्रकाराला कित्येक बैठका लागतात; आणि हे त्याचे न्यून नसून हीच त्याची देणगी आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसासमोर तासन्‌तास बसावे, त्याच्याकडून कसलेही काम करून घ्यावयाचे नसताना त्याच्याकडे पाहावे, आणि पाहिलेले प्रामाणिकपणे नोंदवावे, असा प्रसंग आपल्या व्यवहारात दुसरा कोणता आहे? आई तान्ह्या मुलाकडे असे पाहते. वैद्याने रोग्याकडे असे पाहावे अशी अपेक्षा असते. बाकी आपण सारे एकमेकांकडे कामापुरते पाहतो. चित्र चांगले उतरो वा न उतरो, त्या बैठकीत समोरच्या माणसाला मिळालेले लक्ष हा एक खरा हयातीचा दाखला आहे. त्यावर लिहिलेले असते : हा मनुष्य होता, आणि तो असा होता.

हा दाखला आजवर राजांना, सरदारांना आणि सावकारांना मिळाला, कारण चित्रकाराची बिदागी देण्याची ऐपत त्यांचीच होती. नाणेघाटाचा चढ डोक्यावर ओझे घेऊन चढणाऱ्यांपैकी, शनिवारवाड्यात दिवे लावणाऱ्यांपैकी कोणाचा चेहरा आपल्यापाशी आहे? ही उणीव भरून काढण्याची आज प्रथमच सोय झाली आहे. पेन्सिल आणि कागद यांना फारसा पैसा पडत नाही. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला मुले अजूनही डोंगर, सूर्य आणि झोपडी काढीत असतील, तर त्यांना एखादे दिवशी शाळेच्या शिपायाला समोर बसवून त्याचे चित्र काढावयास सांगावे, असे शिक्षकांना सुचवावेसे वाटते. चित्रे वेडीवाकडी येतील. पण त्या तासानंतर मुले त्या गृहस्थाला नावाने हाक मारू लागतील, अशी माझी कल्पना आहे.

आणि मोठ्यांनीही हे करून पाहण्यास हरकत नाही. आपल्या घरात एखादी वृद्ध आत्या असेल, आजोबा असतील, वर्षानुवर्षे घरी येणाऱ्या भाजीवाल्या मावशी असतील. त्यांना अर्धा तास समोर बसण्याची विनंती करावी. चित्र काढता येत नसेल तर नुसते पाहावे, आणि जे दिसले ते चार ओळींत लिहून ठेवावे. शेवटी मराठीत दोहोंनाही नाव एकच आहे. मात्र त्याखाली त्यांचे पूर्ण नाव आणि दिनांक घालण्यास विसरू नये.